घंटेच्या ठिणगीपासून बिनतारी यंत्रापर्यंत

गेल्या काही वर्षांत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एक नवा पाहुणा आला आहे. टाकीच्या माथ्यावर, पंपाच्या अंगाशी, वाफेच्या नळाला बिलगून नारळाएवढी एक पेटी बसवलेली असते आणि तिच्या डोक्यावर वीतभर उंचीची एक दांडी असते. तिला ना विजेची तार, ना निरोपाची. आतल्या बॅटरीवर ती वर्षानुवर्षे चालते आणि टाकीत माल किती, नळात दाब किती, पंप थरथरतो किती, हे दूरच्या कंट्रोल रूममध्ये कळवीत राहते. मालकमंडळी तिला ‘वायरलेस’ म्हणतात. आमच्या वडीलधाऱ्यांचा ‘बिनतारी’ हा शब्द आम्हांला अधिक गोड वाटतो, आणि या व्याख्यानात आम्ही तोच वापरणार आहोत.

उमरोळीकर श्रोत्यांना या विषयाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. पालघर आणि बोईसर यांच्या मधले आपले हे लहानसे स्टेशन. येथून पहिल्या पाळीला निघणाऱ्या माणसांच्या डब्यांत भाकरी असते आणि खिशात कारखान्याचा पास असतो. त्यांतल्या कित्येकांच्या पासावर कारखान्याचे नव्हे, ठेकेदाराचे नाव असते. बिनतारी पेटी बसवायला शिडीवर चढतो तो बहुधा हाच माणूस. पेटीची किंमत लाखाच्या घरात असेल, तिच्याबरोबर आलेले पुस्तक शंभर पानांचे असेल. पण पुस्तक साहेबांच्या कपाटात आणि पेटी पोराच्या हातात, अशी वाटणी झालेली असते. ‘हिला तारच नाही, मग धोका कसला?’ असे त्याला सांगण्यात येते. या एका वाक्याचा इतिहास आम्हांला आज तपासायचा आहे. हे वाक्य नवे नाही. शंभर वर्षांपूर्वी ते थोड्या वेगळ्या रूपात बोलले गेले होते, आणि त्याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली आहे.

प्रथम एक गमतीची गोष्ट. बिनतारी लहरींचा शोध हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८७–८८ च्या सुमारास जर्मनीत प्रयोगाने सिद्ध केला. त्यानंतर सात-आठ वर्षांतच, १८९५ च्या सुमारास, कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी या लहरींचा जाहीर प्रयोग करून दाखवला. त्यांनी लहर एका दालनातून सोडली, ती भिंतींच्या पलीकडे पोचली आणि तिकडे तिने दोन कामे केली : एक घंटा वाजवली आणि थोडीशी बंदुकीची दारू उडवली. मार्कोनीचे नाव जगभर दुमदुमण्यापूर्वीची ही गोष्ट. आपण ती अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. परंतु आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाच्या नजरेला त्या प्रयोगात आणखी काही दिसते. बिनतारी लहर निरोप पोचवते आणि बिनतारी लहर स्फोटही घडवू शकते, या दोन्ही गोष्टी जन्माच्या वेळीच, एकाच दालनात, एकाच दिवशी जगाला दाखवल्या गेल्या. पैकी घंटा तेवढी जगाने लक्षात ठेवली. बसूंच्या प्रयोगात लहरीने एक विद्युत्‌मंडल जोडले आणि दारू त्या मंडलाने पेटवली, हे खरे. लहर स्वतः आगकाडी नव्हती. पण मरणाऱ्या माणसाला हा भेद फारसा उपयोगी पडत नाही.

आता घंटेकडेच वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्समधील कोळशाच्या खाणींत निरोपासाठी विजेच्या घंटा होत्या. व्यवस्था अगदी साधी. बोगद्याच्या कडेने दोन उघड्या तारा धावत. कोळशाच्या डब्यांची रांग थांबवायची किंवा सोडायची असली की वाटेत कोठेही कामगार त्या दोन तारा हाताने एकमेकींना टेकवी किंवा त्यांच्यावर एखादे लोखंड ठेवी, आणि दूर यंत्राजवळची घंटा वाजे. बॅटरी काही थोड्या व्होल्टांची. हाताला झटकासुद्धा लागत नसे. ‘एवढ्याशा विजेने काय होणार?’ असे सर्वांचे मत. साहेबांचे होते, तसे कामगारांचेही होते.

१९१२ मध्ये बेडवस येथील खाणीत स्फोट झाला आणि घंटेच्या तारांवरील ठिणगीकडे संशयाचे बोट गेले. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९१३ रोजी सकाळी, सेंगेनिद गावच्या युनिव्हर्सल खाणीत ४३९ माणसे गेली. त्यांना सोडवायला गेलेला एक माणूसही मेला. ब्रिटनच्या खाणींच्या इतिहासात एवढा मोठा अपघात दुसरा नाही. त्याच खाणीत १९०१ मध्ये ८१ जण मेले होते. म्हणजे धोका अज्ञात नव्हता. १९११ च्या खाण कायद्याने हवा उलटी फिरवता येईल असे पंखे बसवायला सांगितले होते, त्याला मुदतवाढ मिळाली, ती मुदत सप्टेंबर १९१३ अखेर संपली, आणि ऑक्टोबरच्या चौदाव्या दिवशी खाण उडाली तेव्हा पंख्यांचे काम झालेले नव्हते. स्फोटाचे नक्की कारण सिद्ध झाले नाही, परंतु चौकशीत घंटेच्या यंत्रणेची ठिणगी हे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. खटला झाला. व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी हिशेब मांडला : एका खाणकामगाराच्या जिवाची किंमत एक शिलिंग आणि वर सव्वा पेनी. हा हिशेब आम्ही तरुणपणी एका जुन्या पुस्तकात वाचला, आणि कायद्याची पुस्तके वाचण्याची गोडी आम्हांला त्या हिशेबामुळे लागली, शाळेमुळे नव्हे.

मात्र त्या राखेतून एक मोठी विद्या निघाली. व्हीलर आणि थॉर्नटन या दोन शास्त्रज्ञांनी घंटेच्या ठिणगीचा कसून अभ्यास केला. त्यांना असे आढळले की दोष बॅटरीच्या दाबाचा नाही. घंटेत लोहचुंबकाचे वेटोळे असते. विजेचा प्रवाह तोडला की त्या वेटोळ्यात साठलेली शक्ती तुटलेल्या जागी एकदम बाहेर पडते आणि खाणीतला वायू पेटवण्याइतकी ठिणगी देते. प्रवाह ‘थोडा’ आहे की ‘फार’ आहे हा प्रश्नच चुकीचा होता. तो तुटताना किती शक्ती सुटते, आणि समोरचा वायू पेटायला किती शक्ती लागते, या दोहोंची तुलना करायला हवी होती. या एका विचारातून ‘मुळातच सुरक्षित’ मंडलाची कल्पना जन्मली : यंत्र असे बांधायचे की ते मोडले, तुटले, तारेला तार भिडली, तरी वायू पेटवण्याइतकी शक्ती त्यातून निघूच नये. आज तारापूरला बिनतारी पेटीवर जो पितळी किंवा पोलादी छाप असतो, ज्यात ‘आयए’ वगैरे अक्षरे असतात, त्या अक्षरांचा खरा पत्ता सेंगेनिद आहे.

किती थोडी शक्ती पुरते, ते ऐकण्यासारखे आहे. प्रोपेनसारखा वायू हवेत योग्य प्रमाणात मिसळला तर पाव मिलीज्यूलच्या आसपासच्या ठिणगीने पेटतो. हायड्रोजनला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, सुमारे शून्य दशांश शून्य दोन मिलीज्यूल पुरते. कोरड्या दिवसांत नायलॉनचा सदरा काढताना अंगावर जी चटचट होते, ती याहून कितीतरी मोठी असते. तेव्हा ‘एवढ्याशा बॅटरीने काय होणार’ हे वाक्य ज्याने उच्चारले त्याला वेल्सला पाठवावे, असे आम्हांला कधी कधी वाटते.

आपल्याकडे या काळात काय चालले होते? १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात मुलांच्या कामाचे तास आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण या दोनच गोष्टी म्हणण्यासारख्या होत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या त्या रविवारच्या सुट्टीच्या, जेवणाच्या वेळेच्या आणि वेळेवर पगाराच्या. त्यांत जखमी कामगाराचीही आठवण होती. विजेच्या ठिणगीचा विचार करायला त्या पिढीला फुरसत नव्हती. आधी माणसाला माणूस म्हणवून घ्यायचे होते. बिनतारी मात्र महाराष्ट्रात लवकर आली. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते पुण्याजवळ खडकी येथून इंग्लंडशी बिनतारी तारायंत्र सुरू झाले, आणि मुंबईचे नभोवाणी केंद्रही त्याच तारखेला उघडले. पण ती सरकारची आणि व्यापाराची बिनतारी. १८८५ चा तारायंत्र कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा, या दोहोंनी लहरींवर सरकारी कुलूप ठोकले होते. ऐंशीच्या दशकापर्यंत घरच्या रेडिओलाही पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल. कारखान्यात बिनतारीचा प्रवेश जवळजवळ नव्हताच. तेथे तारेचे राज्य होते.

तारेच्या राज्यावरही दोन शब्द खर्चले पाहिजेत, कारण तार म्हणजे सुरक्षितता आणि बिनतारी म्हणजे धोका, असे उलटे टोक आम्हांला गाठायचे नाही. आपल्या शेजारचे तारापूरचे अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये चालू झाले. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या. त्याच कंपनीच्या, त्याच कुळातल्या भट्ट्या अमेरिकेत अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी येथे आहेत. २२ मार्च १९७५ रोजी तेथे हवेची गळती शोधण्यासाठी कामगारांनी मेणबत्ती धरली, तिची ज्योत फोमच्या बुजवणीला लागली आणि सोळाशेहून अधिक केबली होरपळल्या. आपल्या देशात ३१ मार्च १९९३ रोजी नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि केबली जळून सारे केंद्र विजेविना अंधारात गेले. सांगायचे इतकेच की तारही जळते, आणि जळताना एकीबरोबर दुसरीला घेऊन जाते.

शिवाय समुद्राकाठच्या या पट्ट्यात खारी हवा आणि रसायनांची वाफ मिळून केबलच्या ट्रेला पाच-सात वर्षांत चाळणी करतात. ग्लँड सैल होतात, जंक्शन बॉक्सात पाणी शिरते, आणि फ्लेमप्रूफ म्हणून घेतलेल्या पेटीचे निम्मे बोल्ट कोणीतरी ‘सोयीसाठी’ काढून ठेवलेले असतात. असा बॉक्स फ्लेमप्रूफ उरत नाही. तो नुसता जड डबा होतो.

बिनतारीने कामगाराचे काही भलेही केले आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. टाकीतला माल मोजण्यासाठी रात्रपाळीचा माणूस पावसात शिडीने वर चढून झाकण उघडी, मोजपट्टी सोडी, आणि वाफ तोंडावर घेई. आता ते माप बिनतारी पेटी कळवते. आमच्या मते ही पेटी रात्रपाळीच्या त्या माणसाचा मित्र आहे. भांडण पेटीशी नाही. ती बसवण्याच्या रीतीशी आहे.

सरकारने कुलूप सैल केले ते जानेवारी २००५ मध्ये. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एक वॅटपर्यंतचे यंत्र आणि अँटेनासह चार वॅटपर्यंतची परिणामी शक्ती, यांना परवान्यातून मोकळीक मिळाली. २००७ मध्ये कारखान्यांतील मोजमापासाठी ‘वायरलेसहार्ट’ नावाची पद्धत आली आणि २०१० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ‘आयएसए-१००’ ही तिची प्रतिस्पर्धी पद्धत २००९ ची. या पेट्या एकमेकींच्या हातात निरोप देत पुढे नेतात. एक वाट बंद पडली तर दुसरी शोधतात. आषाढीच्या वाटेवर एका दिंडीचा निरोप दुसरीने पुढे पोचवावा, तसे काहीसे. त्यांची स्वतःची शक्ती अगदी थोडी, बहुधा दहा मिलीवॅटच्या आसपास.

येथे एक जागा अशी आहे की जिच्यावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण ती आम्हांला स्वतःला समजायला बराच वेळ लागला आणि समजल्यावर आमची झोप उडाली. लहर हवेतून जाते आणि वाटेतले लोखंड तिला गोळा करते. क्रेनचा दांडा, पाइपांचा फेरा, मोकळी लोंबणारी साखळी, हे सारे नकळत अँटेना बनतात. आणि त्या लोखंडात कोठे फट असेल, गंजलेला सांधा हलत असेल, तर तेथे ठिणगी पडू शकते. म्हणून स्फोटक वायूच्या जागांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने लहरीच्या शक्तीवर कमाल मर्यादा घातल्या आहेत. ॲसिटोन, टोल्युइन, प्रोपेन या गटासाठी ६ वॅट. एथिलीनच्या गटासाठी ३.५ वॅट. हायड्रोजन आणि ॲसिटिलीन यांच्या गटासाठी २ वॅट. ही शक्ती मोजायची ती यंत्राची शक्ती आणि अँटेनाने केलेली वाढ यांचा गुणाकार करून.

आता दोन कागद शेजारी ठेवा. दूरसंचाराच्या नियमाने चार वॅटला मोकळीक दिली. स्फोटाचे मानक हायड्रोजनच्या जागी दोनवर थांबते आणि एथिलीनच्या जागी साडेतीनवर. म्हणजे बाजारातून आणलेली, परवान्याची गरज नसलेली, संपूर्ण कायदेशीर अशी मोठी पेटी हायड्रोजनच्या खोलीत नेली तर ती एका कायद्याने निर्दोष आणि दुसऱ्या नियमाने दुप्पट गुन्हेगार ठरते. दुकानदाराला पहिला कागद माहीत असतो. दुसरा माहीत असण्याचे त्याला कारण नाही. आणि दहा मिलीवॅटची साधी मापनपेटी जरी सुरक्षित असली, तरी तिचे निरोप गोळा करणाऱ्या मुख्य पेटीला ‘रेंज येत नाही’ म्हणून कोणी मोठी अँटेना लावली, की गुणाकार बदलतो आणि छापावरचे प्रमाणपत्र त्या क्षणी रद्दी होते. अँटेना बदलणे म्हणजे आकडा बदलणे, हे बसवणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. त्याला फक्त ‘सिग्नल वाढव’ एवढेच सांगितलेले असते.

लहरीची गोष्ट सांगितली. पण खरे सांगायचे तर आमच्या भीतीच्या यादीत ती पहिली नाही. पेटी लहरीने वायू पेटवील त्यापेक्षा ती बसवताना माणूस वायू पेटवील, ही शक्यता अधिक. ड्रिल मशीनची ठिणगी. गंजलेल्या पोलादावर आपटलेली ॲल्युमिनियमची शिडी. ॲल्युमिनियम आणि गंज यांचा घाव बसला तर अतिशय तप्त ठिणगी उडते, आणि आपल्याकडे गंजाला तोटा नाही. प्लॅस्टिकचे आवरण कोरड्या फडक्याने चकचकीत पुसणे; त्याने स्थिर वीज साठते, म्हणून तेथे ओले फडकेच वापरावे. बॅटरी बदलण्यासाठी झाकण भलत्या जागी उघडणे; काही पेट्यांची बॅटरी वायूच्या जागी बदलता येते, काहींची येत नाही, आणि हे छापावर किंवा पुस्तकात लिहिलेले असते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे उंची. अँटेना उंच जागी लागते. उंच जागी सिमेंटचे पत्रे असतात. जुना सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पायाखाली पापडासारखा मोडतो. त्यावर फळी टाकल्याखेरीज आणि पट्टा अडकवण्यासाठी दोर बांधल्याखेरीज पाऊल ठेवू नये. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत ढग गडगडत असताना छतावर अँटेनाशी मुळीच थांबू नये. छतावरच्या अँटेनाला स्वतंत्र वीजरोधक आणि अर्थिंगची पट्टी हवी, नाही तर आभाळातली वीज केबलच्या वाटेने थेट कंट्रोल रूममध्ये उतरते.

‘या पेटीचे किरण अणुकेंद्रासारखे असतात का?’ असे आम्हांला सभांतून विचारतात. या तालुक्यात हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर असे की नाही. अणूच्या भट्टीतले किरण शरीरातील अणूंची मोडतोड करू शकतात; बिनतारी लहर तसे करू शकत नाही, ती फार तर ऊब देते, आणि दहा मिलीवॅटची ऊब कोणाला जाणवणारही नाही. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. मोठ्या दिशादर्शक अँटेनाच्या अगदी तोंडाशी उभे राहून काम करू नये, ती आधी बंद करावी, एवढे पथ्य पुरे. भीती योग्य जागी ठेवावी, म्हणजे ती उपयोगी पडते.

कागदाचा महिमा आमच्या लोकांना पटत नाही, म्हणून आणखी एक परदेशी गोष्ट. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातील पायपर आल्फा या तेलाच्या फलाटावर १६७ माणसे मेली. एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती आणि त्या जागी नुसते झाकण लावले होते. परमिट लिहिलेले होते. पण पाळी बदलताना ती गोष्ट पुढच्या पाळीला कळली नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा चालू केला. परमिट फाईलमध्ये होते, माहिती माणसात नव्हती. बिनतारी पेटी बसवण्याच्या परमिटवर आम्ही म्हणूनच चार ओळी मागतो : जागा कोणत्या झोनमध्ये मोडते, तेथे कोणत्या गटाचा वायू असू शकतो, पेटीचा छाप त्याला जुळतो काय, आणि काम सुरू करताना वायूचे माप कोणी घेतले. या चार ओळी लिहायला दहा मिनिटे लागतात, आणि काम अर्धवट राहिले तर पुढच्या पाळीच्या माणसाला त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

बिनतारीचा आणखी एक धोका आहे, तो तारेला नव्हता. तार कारखान्याच्या कुंपणात थांबते. लहरीला कुंपण कळत नाही. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात मरूची येथे सांडपाण्याचे पंप बिनतारीने चालत. त्या यंत्रणेचे काम केलेल्या ठेकेदार कंपनीचा एक माजी नोकर गाडीत बिनतारी यंत्र घेऊन फिरला आणि त्याने पंपांना खोटे हुकूम दिले. आठ लाख लिटर मैला बागांत आणि ओढ्यांत वाहिला. त्याला तुरुंगवास झाला. तेथे मैला होता. आपल्याकडे काय काय आहे ते वसाहतीच्या गटारांना विचारा. पेटीबरोबर आलेली मूळची किल्ली, म्हणजे सांकेतिक शब्द, बसवल्या दिवशीच बदलला पाहिजे, आणि ठेकेदार बदलला की पुन्हा. आणि ज्या बटणावर माणसाचा जीव अवलंबून आहे, ते यंत्र थांबवण्याचे बटण तरी तारेवरच ठेवावे, असा आमचा आग्रह आहे. काही इंजिनियर मित्र यावर हसतात. आमची हरकत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी आपल्याच वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जीव गेले, आणि त्याचा हादरा दूरदूरच्या गावांत जाणवला. त्याचा बिनतारीशी संबंध नव्हता. पण त्या दिवसापासून या भागातली माणसे ठिणगी हा शब्द निराळ्या कानाने ऐकतात. त्यानंतर काही महिन्यांनी, आमची संघटना असलेल्या एका कारखान्यात, सॉल्व्हंटची पिंपे रिकामी करण्याच्या शेडमध्ये ठेकेदाराची दोन पोरे आली. हातात घरगुती बनावटीची प्लॅस्टिकची वायफाय पेटी, ड्रिल मशीन आणि ॲल्युमिनियमची शिडी. परमिटवर लिहिले होते, ‘थंड काम.’ आमच्या एका जुन्या ऑपरेटरने त्यांना शेडच्या दारातच थांबवले. व्यवस्थापक आले, म्हणाले, ‘अहो, हिला वायरच नाही.’ ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, ड्रिलला आहे.’

तासभर वाद झाला. शेवटी पेटी शेडच्या बाहेर, कँटीनच्या भिंतीवर बसली, आणि शेडसाठी प्रमाणपत्र असलेली मापनपेटी मागवण्याचे ठरले. भांडण तेथे संपले असे आम्हांला वाटले. पण खरे भांडण संध्याकाळी सुरू झाले. ठेकेदाराचा हिशेब पेटीमागे होता, दिवसामागे नव्हता. काम थांबले म्हणून त्या दोन पोरांचा दिवस कापला गेला. ज्यांना आम्ही वाचवले असे आम्ही म्हणत होतो, त्यांच्या दृष्टीने आम्ही त्यांची रोजी घालवली होती. त्यातला एक आम्हांला सरळ म्हणाला, ‘काका, तुम्ही पर्मनंट. तुमचं काय जातंय?’ या प्रश्नाला उत्तर भाषणाने देता येत नाही. त्या दिवसाची मजुरी ठेकेदाराकडून वसूल करायला आम्हांला तीन आठवडे आणि सात खेपा लागल्या.

कायद्याची मदत किती, तेही सांगतो. भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर, १९८७ मध्ये, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात नवी कलमे घातली गेली. धोक्याच्या कारखान्यात कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आली. जीव धोक्यात आहे असे वाटल्यास ते मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि धोका कळवण्याचा अधिकार संहितेतही आहे, आणि आम्ही त्याचा उपयोग करतो. मात्र धोका कळवणाऱ्या ठेकेदारी कामगाराचा दिवस भरला जाईल, असे सरळ शब्दांत मांडलेले वाक्य आम्हांला जुन्या कायद्यात सापडले नव्हते आणि नव्यातही सापडलेले नाही. खाणीतल्या घंटेपासून आजच्या पेटीपर्यंतचा सारा इतिहास या एका रिकाम्या जागेत येऊन थबकतो असे आम्ही मानतो, कारण थांबवायला हवे ते काम डोळ्यांसमोर असलेला माणूसच थांबवू शकतो, आणि त्या माणसाला थांबवायला खर्च येतो.

म्हणून आमच्या संघटनेने या वेळच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या कलमाखालोखाल एक कलम घातले आहे. सुरक्षेच्या कारणाने काम थांबल्यास, थांबवणारा कायम असो की ठेकेदारी, त्याचा आणि त्याच्याबरोबरच्यांचा पूर्ण दिवस भरला जाईल. आणि बिनतारी यंत्र बसवण्यापूर्वी त्याचे पुस्तक मराठीतून, बसवणाऱ्याच्या हातात, एक दिवस आधी दिले जाईल. व्यवस्थापनाने पुस्तकाची अट मान्य केली आहे. दिवस भरण्याच्या अटीवर पुढची बैठक आहे.